जुन्या आरमारी बोलीतले शब्द: खरे कोणते, मागाहून रचलेले कोणते

प्रश्न असा आला आहे: ब्रिटिश आरमाराच्या जुन्या बोलीतल्या ग्रॉग, फॅनी अ‍ॅडम्स, सन ऑफ अ गन, ब्रास मंकी, पॉश अशा शब्दांच्या ज्या जन्मकथा जागोजागी वाचायला मिळतात, त्यांतल्या विश्वास ठेवण्याजोग्या किती? आणि आपल्याकडच्या खलाशांचा या बोलीत काही वाटा आहे का?

मी व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी म्हणून नोकरी केली. जहाजावर जे शब्द कानावर पडत ते वहीत टिपून ठेवायची सवय तिथेच लागली आणि निवृत्तीनंतर त्या शब्दांचा माग काढणं हेच मुख्य काम झालं. त्या आधारावर सांगतो. ज्या शब्दामागे शिधा, दारू, शिक्षा किंवा दोर-शिडांचं काम दिसतं, त्याची कथा बहुतेक वेळा खरी निघते. ज्याच्यामागे ऐकताक्षणी ‘वा!’ म्हणावंसं वाटणारा किस्सा असतो, तो बहुतेक वेळा कुणीतरी किनाऱ्यावर बसून रचलेला असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. वाटा चांगला मोठा आहे, आणि इंग्रजीत लिहिणारे त्याची वासलात एखाद्या ओळीत लावतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून उत्तराचा शेवटचा भाग त्यालाच दिला आहे.

कुठलीही जन्मकथा समोर आली की मी तीन गोष्टी बघतो. कथेतली वस्तू त्या काळच्या जहाजावर खरोखर होती का? शब्द छापात पहिल्यांदा कधी सापडतो, आणि कथा पहिल्यांदा कधी सापडते? शब्दानंतर शंभर-दीडशे वर्षांनी कथा उगवली असेल तर ती संशयास्पद समजायची. तिसरं म्हणजे, त्या काळी जहाजावर राहिलेल्या कुणी तो शब्द त्या अर्थानं वापरल्याचा दाखला आहे का? एवढ्यावर निम्म्याहून जास्त कथा गळून पडतात.

या कसोटीला सगळ्यात नीट उतरतो तो ग्रॉग.

ब्रिटिश आरमारात खलाशाला रोज एक गॅलन बिअर मिळे. वेस्ट इंडीजच्या उष्ण हवेत बिअर टिकत नसे, म्हणून १७३१पासून तिच्याऐवजी रोज अर्धा पाइंट, म्हणजे सुमारे २८४ मिलिलिटर रम द्यायची मुभा मिळाली. तीही निर्भेळ. एवढी कडक दारू एका दमात रिचवलेला माणूस डोलकाठीवर चढला की खाली पडायचा, भांडायचा, मग त्याला फटके बसायचे. १७३९ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावरचं पोर्टो बेल्लो हे स्पॅनिश बंदर जिंकून गाजलेले अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन त्या भागातल्या ताफ्याचे प्रमुख होते. त्यांनी २१ ऑगस्ट १७४० रोजी हुकूम काढला: अर्ध्या पाइंट रममध्ये एक क्वार्ट, म्हणजे दोन पाइंट, पाणी मिसळायचं, म्हणजे एकास चार, आणि ते दिवसातून दोनदा वाटायचं. मिश्रण डेकवरच्या एका पिंपात, पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटच्या डोळ्यांदेखत करायचं, म्हणजे कुणी खलाशाच्या वाट्याची रम हडप करणार नाही. ज्यांना चव आणायची असेल त्यांनी आपल्या वाचवलेल्या शिध्याच्या पैशातून साखर आणि लिंबं घ्यावीत, हेही त्या हुकुमात आहे.

व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरत, त्यामुळे खलाशी त्यांना ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. पाणी घातलेल्या रमलाही तेच नाव चिकटलं. पुढे ‘ग्रॉगी’ म्हणजे झिंगलेला, आणि मग नुसताच गळून गेलेला, हा अर्थ किनाऱ्यावर आला. तारीख, माणूस, कापड, कारण सगळं जुळतं. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराचं माउंट व्हर्नन हे नावही याच अ‍ॅडमिरलवरून आलं. वॉशिंग्टन यांचे सावत्र भाऊ लॉरेन्स या अ‍ॅडमिरलच्या हाताखाली लढले होते.

रमभोवती जी बोली तयार झाली ती तर एक स्वतंत्र संसार आहे. रोजच्या मापाला ‘टॉट’. वाटपाची वेळ झाली की शिट्टीबरोबर पुकारा होई: ‘अप स्पिरिट्स’. त्यावर जुने खलाशी हळूच म्हणत, ‘स्टँड फास्ट द होली घोस्ट’. इंग्रजीत ‘स्पिरिट’ म्हणजे दारूही आणि आत्माही, म्हणून बाकीच्यांनी उठावं, पवित्र आत्म्यानं जागेवर राहावं. टॉट हे जहाजावरचं अघोषित चलन होतं. कुणी तुमचा पहारा केला किंवा जागा राखली की त्याला आपल्या पेल्यातून ‘सिपर्स’ द्यायचे, म्हणजे ओठ भिजतील एवढा घोट. उपकार मोठा असेल तर ‘गल्पर्स’, भरघोस घोट. आणि फारच मोठा असेल तर ‘सँडी बॉटम्स’, पेल्यात असेल ते सगळं. नियमानं ही देवघेव बंद होती, तरी ती चालायची. ज्या समाजात पैसे खर्चायला जागाच नाही, तिथे उपकाराची मोजदाद कशी होते ते या तीन शब्दांत दिसतं. म्हणून मला ते अतिशय प्रिय आहेत.

जादा रम देण्याच्या हुकुमाला ‘स्प्लाइस द मेनब्रेस’ म्हणतात. मुख्य डोलकाठीचं परबाण, म्हणजे शीड बांधायचा आडवा वासा, फिरवणारा जाडजूड दोर म्हणजे मेनब्रेस. लढाईत तो तुटला तर जहाज वळवता येत नाही, आणि चालत्या जहाजावर त्याला सांधा घालणं हे सगळ्यात कष्टाचं काम. ते करणाऱ्यांना जादा घोट मिळे. पुढे सांधा मागे पडला आणि घोट तेवढा राहिला.

रमला ‘नेल्सन्स ब्लड’ असंही म्हणत, पण त्याच्या कथेत दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सन मारले गेले आणि त्यांचा देह पिंपात घालून इंग्लंडला नेला हे खरं. पण पिंपात रम नव्हती, ब्रँडी होती आणि जिब्राल्टरनंतर मद्यार्क. खलाशांनी वाटेत पिंपाला भोक पाडून ती पिऊन टाकली, हा किस्सा मात्र कुठल्याही समकालीन कागदाच्या आधाराशिवाय चालत आला आहे. नाव खरं, भोक रचलेलं.

रमचं माप १८२४ मध्ये निम्मं झालं आणि १८५० मध्ये पुन्हा निम्मं. शेवटी एक अष्टमांश पाइंट, म्हणजे सुमारे ७१ मिलिलिटर एवढं उरलं होतं. ३१ जुलै १९७० रोजी तेही बंद झालं. त्या दिवसाला खलाशांनी नाव दिलं ‘ब्लॅक टॉट डे’. काही जहाजांवर दंडाला काळ्या फिती बांधून शेवटचा टॉट घेतला गेला.

आता पोटाकडे येऊ, कारण आरमारी बोलीचा सगळ्यात मोठा साठा तिथे आहे. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश खलाशाचा आठवड्याचा शिधा असा होता: सात पौंड बिस्किट, चार पौंड खारवलेलं गोमांस, दोन पौंड खारवलेलं डुकराचं मांस, दोन पाइंट वाटाणे, तीन पाइंट ओट, सहा औंस लोणी, बारा औंस चीज आणि सात गॅलन बिअर. कागदावर चांगला वाटतो, पण वाटप करणारा पर्सर असे. त्याला खराबी आणि तुटीपोटी पौंडामागे दोन औंस कापून ठेवायची अधिकृत सवलत होती. म्हणून खलाशाच्या हाती पडे तो चौदा औंसांचा ‘पर्सर्स पाउंड’. १७९७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटहेडला ताफ्यानं बंड पुकारलं तेव्हा पगाराबरोबर जी मागणी पुढे आली ती हीच, की पौंड सोळा औंसांचा असावा. ती मान्य झाली.

पर्सरचा उच्चार खलाशी ‘पसर’ असा करत. शब्द पुढे इतका पसरला की सरकारी, आरमारी, शिस्तीतली कुठलीही गोष्ट ‘पसर्स’ झाली. सरकारी साबण पसर्स, सुरी पसर्स, आणि नियमावर बोट ठेवून चालणारा अधिकारी म्हणजे ‘व्हेरी पसर’. मुंबईकरांना इथे १९४६ आठवायला हरकत नाही. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल तळावर खलाशांनी संप केला, त्याची ठिणगीसुद्धा जेवणाच्या ताटातूनच पडली होती. कारणं अर्थातच त्याहून खोल होती. पण आरमारात असंतोष आधी ताटातच दिसतो, हे दोन्हीकडे सारखं आहे.

खारवलेल्या मांसाला ‘सॉल्ट हॉर्स’ म्हणत, म्हणजे घोड्याचं असावं इतकं चिवट. त्यालाच ‘जंक’ही म्हणत. जंक म्हणजे कापून ठेवलेला जुना दोर. आज भंगाराला आणि निकस खाण्याला जंक म्हणतात, त्या शब्दाचा मूळ मुक्काम जहाजावरच्या दोरांच्या कोठारात आहे. ते मांस उकळताना वर जी चरबी येई ती ‘स्लश’. आचारी ती गोळा करून विकत असे किंवा दोर-डोलकाठ्यांना चोपडायला देत असे. विक्रीतून जमणारा पैसा म्हणजे ‘स्लश फंड’. आज राजकारणातल्या गुप्त निधीला हा शब्द वापरणाऱ्यांना तो चरबीच्या कढईतून आला आहे याची कल्पना नसते. ओटच्या खिरीला ‘बर्गू’ म्हणत. तो बहुधा भूमध्य समुद्रातल्या बंदरांतून आला, कारण अरबीत भरड्या गव्हाला बुर्गुल म्हणतात. खारं मांस, कांदे आणि बिस्किटांचा चुरा एकत्र शिजवला की होई ‘लॉबस्काउस’. लिव्हरपूलच्या माणसाला आजही ‘स्काउसर’ म्हणतात ते या खलाशी कालवणावरून. पिशवीत बांधून उकडलेल्या वाटाण्याच्या गोळ्याला ‘डॉग्ज बॉडी’ म्हणत, आणि पुढे सगळी हलकी कामं ज्याच्या गळ्यात पडतात त्या कनिष्ठ अधिकाऱ्यालाही तेच नाव पडलं.

डबाबंद मांस आरमारात आलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्याच्याबरोबर एक शब्द आला जो मी कधीच सहज उच्चारू शकलो नाही. २४ ऑगस्ट १८६७ रोजी इंग्लंडच्या हँपशायर परगण्यातल्या ऑल्टन गावात फॅनी अ‍ॅडम्स या आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला. खुनी फ्रेडरिक बेकर हा एका वकिलाकडे कारकून होता. त्यानं मुलीच्या देहाचे तुकडे केले होते. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी विंचेस्टरला त्याला जाहीर फाशी झाली. देशभर वर्तमानपत्रांत ही बातमी गाजली. ऑल्टनपासून पोर्ट्समथचा आरमारी तळ फार दूर नाही. नव्यानं मिळू लागलेलं डब्यातलं मटण खलाशांना आवडत नव्हतं, आणि त्यांनी त्या मटणालाच ‘फॅनी अ‍ॅडम्स’ म्हणायला सुरुवात केली.

शब्द इथे थांबला नाही. रिकामे झालेले मोठे डबे खलाशी चहा-कोको करायला आणि रम आणायला वापरत. त्या भांड्याला ‘फॅनी’ म्हणू लागले, आणि रम आणायचं भांडं ‘रम फॅनी’ झालं. बेचव, निरुपयोगी गोष्ट ती फॅनी अ‍ॅडम्स, आणि त्यातून ‘स्वीट फॅनी अ‍ॅडम्स’ म्हणजे ‘काहीही नाही’ हा अर्थ निघाला. पुढे त्याच आद्याक्षरांवर एक अश्लील अर्थ बसवला गेला आणि आज बहुतेकांना तोच मूळ वाटतो. ही कथा कसोटीला पूर्ण उतरते: तारीख, गाव, खटला, डबे सगळ्याची नोंद आहे. त्या मुलीची कबर ऑल्टनला आहे. खलाशी क्रूर होते असं मी म्हणणार नाही. महिनोन्महिने समुद्रावर राहणारी, मरण रोज बघणारी माणसं भीतीला अशीच नावं ठेवतात. पण ‘स्वीट एफ. ए.’ असं कुणी हसत म्हणालं की मी ही कथा सांगतो. नाव कुणाचं आहे ते ठाऊक असायला हवं.

आता रचलेल्या कथा. ‘ब्रास मंकी’ची सगळ्यात जास्त फिरते. म्हणे, तोफगोळे मनोऱ्यासारखे रचायला खळगे असलेली पितळी थाळी असे, तिला मंकी म्हणत. कडाक्याच्या थंडीत पितळ लोखंडापेक्षा जास्त आकसे आणि गोळे घरंगळत. म्हणून ‘पितळी माकडाचे गोळे गळतील इतकी थंडी’. यावर आधी खलाशाच्या नजरेनं बघा. जहाज दोन्ही बाजूंना झोकांड्या खातं, तिथे गोळ्यांचा मनोरा कोण रचेल? गोळे लाकडी फळ्यांना पाडलेल्या भोकांत, एका ओळीत बसवून ठेवत. मग हिशेब करा. अर्धा मीटर लांबीची थाळी आणि तापमानात ५० अंशांची घट धरली, तर पितळ सुमारे ०.४७ मिलिमीटर आकसतं आणि लोखंड सुमारे ०.२७. फरक ०.२ मिलिमीटर. एवढ्यानं तोफेचा गोळा हलत नाही. तिसरं म्हणजे, या वाक्प्रचाराचे एकोणिसाव्या शतकातले जुने दाखले पाहिले तर त्यांत माकडाचं नाक, शेपूट आणि कान आहेत, आणि काही ठिकाणी थंडीऐवजी उकाडा आहे, ‘पितळी माकडाचं नाक वितळेल इतका’. म्हणजे डोळ्यांसमोर होती ती शोभेची पितळी मूर्ती. तोफगोळ्यांचा संबंध पुढे जोडला गेला.

‘पॉश’ची कथा तर मुंबईशी जोडलेली, म्हणून आपल्याकडे ती आवडीनं सांगितली जाते. इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीत, परतताना उजवी. श्रीमंत प्रवासी जाताना पोर्ट आणि येताना स्टारबोर्ड बाजूच्या खोल्या घेत, आणि ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं तिकिटावर छापत, असं म्हणतात. सावलीचा भाग बरोबर आहे, कारण पूर्वेकडे तोंड केलेल्या जहाजाची डावी बाजू उत्तरेला येते. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शब्द मात्र १८९०च्या सुमारास छापलेल्या बोलीकोशात छानछोकी करणारा माणूस आणि किरकोळ नाणं अशा अर्थांनी आहे, आणि आद्याक्षरांची कथा दिसते ती १९३०च्या दशकात. एक धडधडीत नियम सांगतो: पहिल्या महायुद्धापूर्वीचा कुठलाही इंग्रजी शब्द आद्याक्षरांतून आला असं कुणी सांगितलं, तर आधी पुरावा मागा.

‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’मधली मांजर म्हणजे नऊ दोऱ्यांचा चाबूक, तो लाल कापडी पिशवीत ठेवत, असं सांगतात. चाबूक खरा, पिशवीही खरी. फटक्यांची शिक्षा शांततेच्या काळापुरती १८७१ मध्ये आणि युद्धकाळापुरती १८७९ मध्ये स्थगित झाली. पण वाक्प्रचाराचा अर्थ गुपित फुटणं आहे, आणि चाबूक हे जहाजावर कुणाचंच गुपित नव्हतं. ‘सन ऑफ अ गन’ या सौम्य शिवीबद्दल म्हणतात की जहाजावर तोफांच्या मधल्या जागेत जन्मलेलं, बापाचा पत्ता नसलेलं मूल. बंदरात स्त्रिया जहाजावर राहत आणि क्वचित बाळंतपणंही होत, हे खरं. पण शब्द अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात सापडतो आणि ही कथा १८६७ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत ती कुणाला सुचली नाही, म्हणून मी तिला बाजूला ठेवतो. शिवीतला झोंबणारा शब्द टाळून नाद तेवढा ठेवणं हे जगात सगळीकडे चालतं, तेवढं स्पष्टीकरण पुरेसं आहे.

शिडांच्या कामातून आलेल्या शब्दांना कसोटीची फारशी गरज पडत नाही, कारण ते आजही शिडाच्या बोटीवर करून बघता येतात. ‘थ्री शीट्स इन द विंड’ म्हणजे तर्र. इथे शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाचा खालचा कोपरा आवळून धरणारा दोर. तीन दोर सुटून वाऱ्यावर फडफडू लागले की जहाज दारुड्यासारखं झिंगतं. ‘टेकन अबॅक’ म्हणजे वारा अचानक समोरून शिडांवर आदळला, शिडं डोलकाठीला चिकटली आणि चालतं जहाज जागच्या जागी खिळलं. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे वारा नाकासमोरून असो वा पाठीमागून, दोन्हींत चालणारं जहाज. ‘डॉग वॉच’ म्हणजे दुपारी चार ते सहा आणि सहा ते आठ हे दोन छोटे पहारे. बाकीचे सगळे चार-चार तासांचे. हे दोन तोडल्यामुळे दिवसाचे पहारे सात होतात, संख्या विषम होते, आणि त्याच तुकडीवर रोज मध्यरात्रीचा पहारा येत नाही. आमच्या पिढीच्या जहाजांवर पहारे ठरलेले असत, त्यामुळे हा शब्द ऐकायचा तो आरमारातून आलेल्या सहकाऱ्यांकडून.

आता आपल्या वाट्याकडे.

सगळ्यात ठळक शब्द ‘डंगरी’. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावानं ओळखलं जाणारं जाडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजी कागदपत्रांत दिसतं. स्वस्त, दणकट, शिडांना आणि खलाशांच्या विजारींना चालणारं. पुढे त्या विजारीच ‘डंगरीज’ झाल्या, आणि नंतर जगभरच्या कामगारांनी त्या घातल्या. खाटेचा ‘कॉट’ झाला आणि आरमारी अधिकाऱ्याच्या टांगत्या बिछान्याला ते नाव मिळालं. डिंगीची ‘डिंगी’च राहिली, जहाजाबरोबर असलेली सगळ्यात लहान होडी. ताडीची ‘टॉडी’ झाली. आणि धोबी! ब्रिटिश आरमारात कपडे धुण्याला ‘धोबीइंग’ म्हणतात, साबणाच्या भुकटीला ‘धोबी डस्ट’. जहाजावर पैसे घेऊन इतरांचे कपडे धुणाऱ्या दोघा-तिघा खलाशांची मिळून ‘धोबी फर्म’ असे. हाँगकाँगच्या चिनी धुलाईवाल्यालाही ते धोबीच म्हणत. मोठ्या झुरळाला ‘बाँबे रनर’ म्हणत. हा काही गौरव नव्हे, पण ज्यांनी मुंबई बंदरात बोटीच्या कोठारात रात्री दिवा लावला आहे त्यांना नाव पटेल.

कसोटी आपल्या अभिमानाच्या शब्दांनाही लावली पाहिजे, नाहीतर तिला अर्थ नाही. ‘पंच’ हे पेय आपल्या ‘पाच’वरून आलं असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याला जुना आधार आहे. १६७०च्या दशकात इथे आलेला इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर गोव्यातल्या नेरूळच्या उत्तम अर्काबद्दल, म्हणजे तिथल्या दारूबद्दल लिहितो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून पाच जिनसांचं ‘पाँच’ करतात असं सांगतो. पण शब्द त्याच्या आधी, १६३२ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या पत्रात आहे, आणि जुन्या कृतींत जिनसा कधी तीन, कधी चार, कधी सहा. पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ असाही शब्द होता. म्हणून मी ‘पंच’ला शक्य म्हणतो, सिद्ध म्हणत नाही. पेय हिंदी महासागरातल्या जहाजांवरून इंग्लंडला गेलं, एवढं मात्र ठाम सांगता येतं.

पण सुटे शब्द मोजणं ही अर्धीच गोष्ट आहे. हिंदी महासागरात चालणाऱ्या जहाजांवर एक अख्खी कामाची भाषा होती, ती म्हणजे लष्करी किंवा लश्करी. फारसी ‘लष्कर’वरून पोर्तुगिजांमार्फत ‘लास्कर’, म्हणजे आशियाई खलाशी, हा शब्द आला, आणि त्यांची बोली ती ही. साहेबांना ती शिकावी लागे, कारण हुकूम समजला नाही तर शीड फाटायचं. टॉमस रोबक यांनी १८११ मध्ये कोलकात्यात या बोलीचा कोश छापला तो जहाजावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठीच. तिच्यात सुकाण अरबी आहे. पुढच्या डोलकाठीचं ‘त्रिकत’ आणि वरच्या शिडाचं ‘गावी’ पोर्तुगीज. दोर सैल सोडायचा हुकूम ‘आर्या’, तोही पोर्तुगीज. परवान म्हणजे आपलं परबाण. एका वाक्यात चार देशांचे शब्द, आणि जहाज बरोबर वळायचं.

हुद्द्यांची नावं तर माझ्या काळातही जिवंत होती. डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या सारंग, हा फारसी ‘सरहंग’. त्याच्या खालचा टिंडल, म्हणजे आपला तांडेल. कोठार सांभाळणारा कसाब, खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी, सफाई करणारा टोपाज, सुकाणूवरचा सुकाणी. सारंग आणि तांडेल ही आडनावं आपल्या किनाऱ्यावर आजही आहेत. पी अँड ओसारख्या ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरातचे खलाशी असत, तर खानपान विभागात गोव्याचे लोक. त्या मोठ्या बोटी चालल्या त्या या माणसांच्या हातांवर आणि त्यांच्या बोलीवर. तरीही इंग्रजीत जहाजी बोलीचे जाडजूड कोश निघाले, आणि या माणसांनी आपसात वापरलेले शब्द फार थोड्या जागी उतरले. रोबकच्या कोशात हुकूम आहेत, साहेबांना हवे ते. खलाशांनी साहेबांना काय नावं ठेवली, खराब डाळीला ते काय म्हणत, उपकाराच्या घोटाला त्यांच्याकडे काय शब्द होता, ते त्यात नाही. सिपर्स आणि गल्पर्स टिकले, कारण ते बोलणाऱ्यांच्या नातवंडांनी लिहून ठेवले.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्यांना आणि वाचणाऱ्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, मालवण, बार्देस, साष्टी, या बाजूला तुमच्या घरात कुणी बोटीवर होतं का ते बघा. आजोबा, चुलते, शेजारी, कुणीही. त्यांच्याजवळ बसा आणि शब्द विचारा. ‘बोटीवर काय म्हणायचे?’ असं मोघम विचारलं की माणूस गप्प होतो. त्याऐवजी कामाबद्दल विचारा: सकाळी पाणी मारून डेक धुताना काय ओरडायचे, रंग खरवडायच्या हातोडीला काय म्हणायचे, वाईट कप्तानाला काय नाव होतं, जेवण खराब निघालं की काय म्हणायचे, घरी पाठवायच्या पैशाला काय शब्द होता. शब्द मिळाला की तो जसा उच्चारला तसाच देवनागरीत लिहा, सुधारून नको. शेजारी चार गोष्टी टिपा: सांगणाऱ्याचं गाव, तो डेकवर होता की इंजिनात की सलूनमध्ये, म्हणजे खानपान विभागात, साधारण कुठल्या सालांत, आणि तो शब्द ज्यात आला ते अख्खं वाक्य. फोनवर आवाज मुद्रित केला तर फारच चांगलं, कारण हुकुमाचा हेल कागदावर उतरत नाही. उत्पत्ती शोधायची घाई करू नका. ती पुढे कुणीही शोधू शकेल, पण शब्द बोलणारा माणूस असतानाच तो टिपला पाहिजे.